माझा विटांचा नाद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला दोघीतिघींनी आपापल्या छंदाविषयी बोलावे असे ठरले आणि अध्यक्षबाईंनी त्यात माझे नाव घातले. मी म्हटले, माझे शिक्षण सातवी, हळदीकुंकवाला नाव घेतानासुद्धा मला घाम फुटतो. त्यांनी ऐकले नाही. तेव्हा लिहून आणले आहे, ते वाचून दाखवते. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

माझ्या आधी एकीने भरतकाम सांगितले, एकीने कुंडीतली झाडे. माझा छंद ऐकून तुम्हांला हसू येईल. मी लेगोच्या विटा आणि त्यांतल्या बाहुल्या जमवते. आता हसून घ्या, मग पुढे वाचते.

ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना लेगो म्हणजे काय हे सांगायला नको. प्लॅस्टिकची इवलीशी वीट, वर बटणे, खालून पोकळ. एकीवर एक दाबली की घट्ट बसते. रात्री दिवा न लावता चालले तर पायात घुसते, तीच ती.

मी मुले सांभाळत असे तेव्हाची गोष्ट. एका घरची मंडळी बदली होऊन निघाली आणि जाताना पत्र्याचा एक डबा देऊन गेली. म्हणाली, "मुलगा मोठा झाला, रद्दीवाला काही हे घेत नाही, तुमच्याकडच्या पोरांना होईल." दुपारी मुले निजली तेव्हा मी तो डबा परातीत ओतला आणि तांदूळ निवडावे तशी निवडायला बसले. चहाची वेळ टळून गेली तरी कळले नाही. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी दारातून पाहिले आणि विचारले, "आज हे शिजवायचे का?"

एवढा नाद का लागला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे माहेर वारणाकाठचे. दिवाळीला भाऊ अंगणात किल्ला करीत. माती चाळून देणे, शेण कालवणे, वर हळीव पेरणे ही कामे माझी. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, हे ठरवणार ते. सगळे झाल्यावर मावळे मांडायला मला बोलावीत, आणि मी मांडला की थोरला तो उचलून दुसरीकडे ठेवी. मला भातुकली होती, नाही असे नाही. पण भातुकलीत जे करायचे तेच पुढे जन्मभर करायचे असते. शाळा गावात सातवीपर्यंतच होती. पुढची नदीपलीकडे. भाऊ गेले, मी गेले नाही. त्याबद्दल आता कुणावर राग नाही. पण त्या दुपारी परातीतल्या विटांचा मी एक बुरूज केला, आणि तो मी ठेवला तिथेच राहिला.

पुढे मुलीला इंग्रजी वाचता येऊ लागले तशी मी तिच्याकडून माहिती वाचून घेऊ लागले. या विटा डेन्मार्क देशातल्या बिलुंड गावच्या. ओले कर्क ख्रिस्तियानसेन नावाचा तिथला एक सुतार. १९२४ साली त्याच्या पोरांच्या हातून आग लागून घर आणि कारखाना जळाला. १९३२ साली मंदी आली, बायको वारली, पदरात चार मुलगे. घरे बांधून घ्यायला कुणाजवळ पैसा नाही, म्हणून त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये लेगो हे नाव ठेवले. १९४२ मध्ये कारखाना पुन्हा जळाला. १९४९ मध्ये प्लॅस्टिकच्या विटा केल्या. खरे सांगायचे तर विटेची कल्पना त्याची नव्हे. इंग्लंडात हिलरी पेज नावाच्या गृहस्थाने तशी वीट आधीच काढली होती. तीच पाहून यांनी आपली केली.

पण त्या विटा नुसत्या पोकळ. रचल्या तरी पकड नाही, धक्का लागला की कोसळायच्या. सुताराच्या मुलाने, गोडफ्रेडने, १९५८ मध्ये विटेच्या पोटात नळ्या घातल्या. खालच्या विटेची बटणे त्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये अडकतात. सगळी करामत तेवढ्यात आहे. घरी विट असेल तर उलटी करून पाहा. आणि मला सर्वांत नवल वाटते ते हे, की १९५८ची वीट आजच्या विटेवर बसते. आपल्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या कुकरची रिंग मिळत नाही.

माप सांगते. दोन बटणांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६. चपट्या तुकड्याची उंची त्याच्या तिसरा हिस्सा. तीन पोळ्या म्हणजे एक भाकरी, असे मी लक्षात ठेवले आहे. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती तऱ्हांनी जोडता येतात? ९१,५१,०३,७६५. एका गणिताच्या प्राध्यापकाने ते मोजून काढले. त्याआधी कंपनी याहून पुष्कळ लहान आकडा सांगत असे, कारण तिने फक्त एकावर एक सहा चढवलेल्याच मोजल्या होत्या. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी तिला तीनदा वाचायला लावले. सहा विटा! चिमूटभर जिरे.

बाहुल्यांचे वेगळेच. हलत्या हातापायांची बाहुली १९७८ मध्ये आली. पोलीस, सरदार, अंतराळवीर असे सगळे पुरुष, आणि बाई म्हणून पहिली आली ती नर्स. बाकीच्या बायका त्यांच्या गावात स्वयंपाक करीत असाव्यात! पुढे २०१४ मध्ये एका शास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेवरून तीन शास्त्रज्ञ स्त्रियांचा संच निघाला. एक दुर्बिणीपाशी, एक हाडांचा सांगाडा तपासणारी, एक प्रयोगशाळेत. तो माझ्याकडे नाही. मिळाला तर घेईन. माझ्या बाहुल्या जुन्या डब्यातल्या आणि इकडूनतिकडून आलेल्या आहेत. त्यांचे हात, डोकी, टोप्या मी मिसळणाच्या डब्यात ठेवते. एकदा पाहुण्या आल्या आणि नणंदेने मोहरीसाठी तोच डबा उघडला, ते राहू द्या.

जमवणाऱ्यांत दोन मते असतात. एक म्हणते, रंगाप्रमाणे लावा. दुसरे म्हणते, आकाराप्रमाणे. पहिल्या मताने दिसते छान, पण काळ्या ढिगात काळा बारका तुकडा शोधून दाखवा. म्हणून मी आकाराप्रमाणे लावते. नकली विटा स्वस्त पडतात, मीही घेतल्या. काही सैल बसतात, काही इतक्या घट्ट की नख तुटते. आता घेत नाही. डिंक लावून कायमचे चिकटवणारेही आहेत. मग मातीचाच मावळा काय वाईट? अलीकडे मोठ्यांच्या संचांवर १८+ असे छापलेले असते. आमच्याकडे ते पाहून एकीने भलताच अर्थ काढला होता.

आणखी एक वाद आहे. डबा उघडावा, की तसाच बंद ठेवावा? संच निघायचा बंद झाला की बंद डब्याची किंमत चढते, म्हणून कित्येक जण तो कपाटात ठेवतात. मीही ठेवला होता. आता जे सांगायचे आहे ते याच डब्याविषयी. इतका वेळ मी इकडचेतिकडचे वाचत होते, ते धीर गोळा करायला.

२०१८ साली मुंबईच्या भाच्याने मला फोनवर एक चित्र दाखवले. समुद्रकाठचे जुने मासेमारीचे दुकान, शेजारी टेहळणीचा मनोरा, छपरावर पक्षी. २,०४९ तुकडे. फळ्या जुन्या झालेल्या, रंग उडालेल्या. नव्याकोऱ्या विटांनी असे जुनेपण कसे आणले, हे मला हाताने करून पाहायचे होते. किंमत ऐकून फोन परत दिला. पण मन निघेना. आपल्या भिशीचे बारा हजार, वर माझे शेवयांचे साठवलेले, एवढ्यात ते बसत होते. माझा नंबर लांब होता. त्या महिन्याचा नंबर जिचा होता तिला मी म्हटले, दाढेचे काम निघाले आहे, डॉक्टर पैसे आधी मागतात. तिने नंबर बदलून दिला. माझी दाढ ठणठणीत होती.

हप्ते मी एकही चुकवले नाहीत. भिशीत कुणाचा पैसा बुडाला नाही. पण डबा आला तो मी दिवाणाखाली, जुन्या रजयांमागे ढकलला. उघडला असता तर हा कुठून आला ते सांगावे लागले असते. मनाशी म्हणत होते, बंद ठेवला तर किंमत वाढेल.

२०१९चा ऑगस्ट तुम्हांला सांगायला नको. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गावभागातले आमचे घर खिडकीच्या वरपर्यंत बुडाले. आम्ही कागदपत्रे आणि औषधे घेऊन निघालो. पाणी ओसरल्यावर परतलो तर घरात घोटाभर गाळ आणि तो वास. मंडळातल्या ज्यांची घरे उंचावर होती त्या फिनेल आणि खराटे घेऊन आल्या. त्यांत ती पण आली. दिवाण तिनेच सरकवला. डब्याचा पुठ्ठा तिच्या हातात लगद्यासारखा आला आणि आतून तुकडे घरंगळले. आतल्या पिशव्यांना बारीक भोके असतात, त्यांतून गाळ शिरला होता.

"हे कुणाचे ग?" तिने विचारले.

मी म्हटले, "भाच्याचे."

"अगबाई, पोराचा खेळ गेला," म्हणाली, आणि परात शोधू लागली. दोन दिवस ती माझ्याबरोबर ते तुकडे धूत होती. कोमट पाणी, साबण, दात घासायचा जुना ब्रश. मी सांगितले कडक ऊन नको, पांढरे पिवळे पडतात, तेव्हा तिने आपली साडी आणून जिन्याखाली सावलीत पसरली. धुता धुता बोलण्यात निघाले की शिलाईच्या यंत्राला मोटर बसवायला तिने ते भिशीचे पैसे धरले होते. नंबर बदलल्यामुळे पाच महिने ती पायाने यंत्र मारीत राहिली. गुडघे तेव्हापासून धरलेत. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. पावसाच्या गोष्टी सांगाव्या तसे सांगितले. माझ्या हातात ब्रश होता. मी घासत राहिले.

यांना मी त्याच रात्री खरे सांगितले. चार दिवस बोलले नाहीत. तिला मात्र सांगितले नाही. एक वर्ष गेले, दुसरे गेले. संक्रांतीला वाण दिले, तिच्या मुलीच्या लग्नात वाढले, पण जीभ उचलली नाही.

या भाषणाला माझे नाव लागले तेव्हा मला वाटले, छंदावर बोलायचे आणि हे गाळायचे हे आता जमायचे नाही. आणि तिने ते चारचौघींत पहिल्यांदा ऐकावे हेही बरे नव्हे. म्हणून गेल्या गुरुवारी तिच्या घरी गेले. ती शिवत होती. उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तिने यंत्र थांबवले. म्हणाली, "म्हणजे दाढ दुखत नव्हती?"

"नव्हती."

"मी तुला लवंगेचे तेल आणून दिले होते."

मला ते आठवतच नव्हते. तिला आठवत होते. मग तिने पुन्हा यंत्र सुरू केले. मी थोडा वेळ थांबले आणि घरी आले. आज ती आली आहे. मी कागदातून वर पाहत नाही याचे कारण तेच.

आता मी विटा घेते त्या शेवयांच्या पैशातून, यांना विचारून नव्हे पण सांगून. वर्षातून एखादा लहान संच होतो. आला त्या दिवशी उघडते. पुठ्ठ्याचे डबे ठेवत नाही. कसे जोडायचे याची पुस्तके पुरात गेली, पण ती कंपनीकडून फोनवर फुकट उतरवून घेता येतात. नेपथ्याची चिकटचित्रे असतात ती गाळात निघून गेली, छापलेले तुकडे तसेच राहिले. ज्यांना हा नाद लागेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगितले.

ते मासेमारीचे दुकान मी मागच्या टेबलावर आणून ठेवले आहे. तेरा तुकडे पुरात हरवले. त्यांच्या जागी त्या पत्र्याच्या डब्यातले जुने घातले आहेत, म्हणून डाव्या भिंतीत रंग वेगळा दिसेल. छप्पर उचलले की आतले दिसते. हात लावून पाहा, मुलांनाही लावू द्या. मनोऱ्याला धरून मात्र उचलू नका, तो अजून सैल आहे.