जुना वॉकीटॉकी घ्यायचा का?
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)

साथींनो,
एका पाड्यावर फॉरेस्टवाले आले की दुसऱ्या पाड्याला निरोप पोचायला दोन तास जातात. तोवर नांगर जप्त. म्हणून पोरं म्हणाली, जुने वॉकीटॉकी घेऊ. मी तालुक्याला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे दोन जुने सेट बघून आलो. समजलं ते सांगतो.

एका सेटवर ऐकू यायचं, पण आपलं बोलणं पलीकडे जात नव्हतं. ऐकायला करंट थोडा लागतो, बोलायला जास्त. सेल उतरले की आधी बोलणं बंद पडतं. सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज होता, तो घासला, नवे सेल टाकले, चालू झाला. दुसऱ्याची एरियल तुटलेली. एरियल नसताना बोलायचं बटण दाबलं तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. दोन्ही सेटचा चॅनल एकच पाहिजे, नाहीतर काही ऐकू येत नाही.

एवढं दुरुस्त होतं. पण मधे डोंगर आला की आवाज अडतो, आणि आपले पाडे डोंगराच्या दोन अंगांना. त्याच चॅनलवर दुसरा कोणीही ऐकू शकतो. मोठी गोष्ट म्हणजे, परवाना लागणारा सेट परवान्याशिवाय नुसता जवळ ठेवणंही कायद्यात बसत नाही. जमिनीच्या केसेस आहेतच, त्यात ही भर कशाला?

माझं म्हणणं, परवान्याशिवाय सेट नको. प्रत्येक पाड्यावर दोन पळणारी पोरं नेमा. टेकडीवर ढोल ठेवा, कोणता ठोका कशाचा ते ठरवा. कोण आलं, कधी आलं, काय नेलं, ते त्याच दिवशी वहीत लिहा.

जिंदाबाद!