हमीदाराचे सैन्य : श्रीलंकेतील भारतीय हस्तक्षेपाचा विचार

परदेशातील यादवी युद्धात एखाद्या राष्ट्राने आपले सैन्य उतरवावे की नाही, हा प्रश्न चर्चेला येतो तेव्हा त्याची मांडणी बहुधा दोन तत्त्वांच्या झगड्याच्या रूपाने केली जाते. एका बाजूला सार्वभौमत्वाचे तत्त्व असते, म्हणजे प्रत्येक राज्याला आपल्या हद्दीतील कारभार बाहेरच्यांच्या ढवळाढवळीविना चालवण्याचा अधिकार आहे, हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने मान्य केलेला नियम. दुसऱ्या बाजूला, जे राज्य आपल्याच नागरिकांची कत्तल करते किंवा होऊ देते त्याला या नियमाआड लपता येऊ नये, ही मानवतेची मागणी असते. दोन्ही बाजूंना वजन असल्यामुळे निव्वळ तत्त्वचर्चेने हा वाद मिटत नाही, आणि म्हणून निर्णय घेणारे, लढणारे आणि भोगणारे अशा तिघांचाही अनुभव ज्यात पाहता येतो असे एखादे उदाहरण तपशिलाने तपासणे अधिक उपयोगाचे ठरते. भारताच्या दृष्टीने असे उदाहरण १९८७ ते १९९० या काळातील श्रीलंकेचे आहे. त्या मोहिमेत भारताचे सुमारे १२०० सैनिक मृत्युमुखी पडले, तमिळ नागरिक किती मारले गेले याचा सर्वमान्य आकडा नाही, आणि ज्या शांततेसाठी सैन्य गेले होते ती शांतता ते परतल्यानंतर तीन महिनेसुद्धा टिकली नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ज्या करारावर लढणाऱ्या दोन पक्षांपैकी एकाची सहीच नव्हती तो करार बळाने अमलात आणण्याची जबाबदारी भारताने हमीदार म्हणून पत्करली, तेव्हाच या मोहिमेचे अपयश ठरून गेले होते.

संघर्षाची मुळे भारतीय वाचकांना साधारणपणे माहीत आहेत, त्यामुळे ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाच्या नव्या नियमांनी तमिळ विद्यार्थ्यांच्या वाटा अरुंद केल्या, १९७६ साली वड्डुकोड्डई येथे तमिळ नेतृत्वाने स्वतंत्र तमिळ राज्याचा, म्हणजे ईलमचा, ठराव केला, आणि १९८१ साली जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय, त्यातील नव्वद हजारांहून अधिक ग्रंथांसह, जाळण्यात आले. जुलै १९८३ मध्ये जाफनाजवळ तेरा सैनिक तमिळ अतिरेक्यांच्या हल्ल्यात मारले गेल्यावर कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची जी सरसकट हत्या झाली, तिच्यानंतर हा प्रश्न केवळ श्रीलंकेचा राहिला नाही. पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून निर्वासित तमिळनाडूत येऊ लागले आणि त्यांची संख्या काही वर्षांत लाखावर गेली.

हस्तक्षेपाविषयीच्या बहुतेक चर्चा सैन्य निघाले त्या दिवसापासून सुरू होतात, आणि हीच त्यांची मोठी उणीव आहे. भारताचा श्रीलंकेतील हस्तक्षेप १९८७ मध्ये सुरू झाला नाही. १९८३ नंतर भारताच्या गुप्तचर यंत्रणेने तमिळ तरुणांच्या निरनिराळ्या गटांना भारतीय भूमीवर लष्करी प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली, तेव्हाच तो सुरू झाला होता. येथे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा एक निकाल लक्षात घेणे आवश्यक आहे. निकाराग्वातील सरकारविरोधी बंडखोरांना अमेरिकेने प्रशिक्षण, शस्त्रे आणि पैसा पुरवणे म्हणजे दुसऱ्या राज्याच्या अंतर्गत कारभारातील बेकायदा हस्तक्षेप होय, असे त्या न्यायालयाने जून १९८६ मध्ये ठरवले. त्याच निकालात आणखी दोन भेद केलेले आहेत : सरकारच्या विनंतीवरून केलेली मदत आणि विरोधकांच्या विनंतीवरून केलेली मदत यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही, आणि भेदभाव न करता केलेली निखळ मानवतावादी मदत बेकायदा हस्तक्षेप ठरत नाही. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या भारताची सहानुभूती त्या वादात निकाराग्वाच्या बाजूने होती, आणि त्याच काळात भारत स्वतः पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे अमेरिकेसारखेच वागत होता. ही विसंगती नैतिक दृष्ट्या तर खटकतेच, पण तिचा व्यावहारिक परिणाम अधिक गंभीर झाला, कारण पुढे ज्यांना निःशस्त्र करायचे होते त्यांच्या लढण्याच्या पद्धतीवर भारतीय प्रशिक्षणाचाच हात फिरलेला होता.

या गटांपैकी लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम, म्हणजे मराठी वृत्तपत्रांतून ‘लिट्टे’ या नावाने परिचित झालेली वेलुपिल्लई प्रभाकरन यांची संघटना, हिने इतर तमिळ गटांचा रक्तपाताने निकाल लावून १९८६ पर्यंत जाफना द्वीपकल्पावर आपला वरचष्मा बसवला. मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने वडमराच्ची भागात मोठी मोहीम उघडली आणि जाफनाची रसद तुटली. ३ जून रोजी भारताने मदतसामग्रीच्या होड्या पाठवल्या. श्रीलंकेच्या नौदलाने त्या परत लावल्या. दुसऱ्याच दिवशी पाच मालवाहू विमानांनी, मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणाखाली, जाफनावर अन्न आणि औषधे टाकली. श्रीलंकेच्या हवाई हद्दीचा तो भंग होता हे नाकारता येत नाही, आणि टाकलेली सामग्री भुकेच्या मानाने थोडी होती, हेही खरे. तरीसुद्धा संपूर्ण प्रकरणात समर्थनास सर्वांत पात्र अशी कृती कोणती, असा प्रश्न केला तर उत्तर हीच कृती असे द्यावे लागेल, कारण तिचा हेतू मर्यादित होता, ती उघडपणे केली गेली आणि तिच्यानंतर वेढ्याचा जोर ओसरला.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. कराराचा राजकीय आशय चांगला होता, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावे असे आहे. श्रीलंका हा अनेक वंशांचा आणि अनेक भाषांचा समाज असल्याचे त्यात मान्य झाले, उत्तर आणि पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकीकरण व पुढे पूर्वेत सार्वमत अशी व्यवस्था झाली, आणि प्रांतिक परिषदांना अधिकार देण्याचे ठरले, ज्यातून त्या देशाच्या राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती आली. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये अहस्तक्षेपावर जो निबंध लिहिला त्यात, जे यादवी युद्ध दोन्ही बाजू तुल्यबळ असल्यामुळे लवकर संपण्याची आशा नाही, तेथे शेजारच्या सत्तांनी ते थांबवण्याची आणि न्याय्य तडजोड करण्याची मागणी करणे योग्य ठरू शकते, असे मत मांडले आहे. (याच निबंधात मिलने अवध खालसा करण्याचेही समर्थन केले आहे, आणि सार्वभौमत्वाचा नियम तो ज्यांना ‘सुसंस्कृत’ म्हणे त्यांच्यापुरताच राखून ठेवला आहे; ईस्ट इंडिया कंपनीत आयुष्य घालवलेल्या या विचारवंताचा दाखला भारतीयांनी तेवढे भान ठेवूनच द्यावा.) तडजोडीची मागणी करणे, इतक्यापुरता भारताचा करार मिलच्या कसोटीस उतरतो.

अडचण आहे ती कराराच्या अंमलबजावणीच्या कलमांत. युद्ध थांबल्यापासून बहात्तर तासांच्या आत अतिरेकी गटांनी शस्त्रे खाली ठेवावीत, असे करारात लिहिले होते. पण करार दोन सरकारांमधील होता आणि शस्त्रे ज्यांच्या हातात होती ते त्याचे पक्षकार नव्हते. भारत सरकारने या तरतुदींची हमी घेतली, आणि जोडपत्रात अशी भर पडली की, गरज पडल्यास श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून येणारे भारतीय शांतिपथक युद्धबंदीची हमी देईल आणि ती अमलातही आणील. ही दोन कामे एकाच वाक्यात लिहिली गेली असली तरी ती जातीने वेगळी आहेत. शांतिरक्षण, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १९५६ च्या सुएझ संकटापासून रूढ केलेली पद्धत, तीन गोष्टींवर उभी असते : सर्व पक्षांची संमती, तिऱ्हाइताची निःपक्षता आणि आत्मरक्षणाखेरीज बळाचा वापर न करणे. शांतता लादण्याला मात्र शत्रू ठरवावा लागतो, पुरेसे सैन्य लागते आणि विजयाची कल्पना लागते. जाफनाला उतरलेल्या तुकड्यांना पहिल्या कामाचे नाव देण्यात आले होते, अंगावर येऊन पडले ते दुसरे काम, आणि सामग्री धड कोणत्याच कामाची नव्हती.

यादवी युद्धातील संमतीचा प्रश्न येथे उघडा पडतो. कायद्याच्या दृष्टीने कोलंबोतील सरकारचे निमंत्रण पुरेसे होते. परंतु यादवी युद्धात सरकार हाच लढणाऱ्यांपैकी एक पक्ष असतो, आणि त्यामुळे कायदेशीर संमती मिळाली म्हणून शांतिरक्षणाला लागणारी संमती मिळाली, असे होत नाही. प्रभाकरन यांना करारापूर्वी दिल्लीत आणून त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न झाला, आणि ४ ऑगस्ट रोजी सुदुमलै येथील सभेत त्यांनी शस्त्रे भारताच्या स्वाधीन करण्याची तयारी बोलून दाखवली. मात्र तमिळ ईलमचे ध्येय सोडल्याचे त्यांनी तेथे म्हटले नाही. थोडी शस्त्रे आली, बरीच आली नाहीत. सप्टेंबरात लिट्टेच्या तिलीपन या कार्यकर्त्याचा उपोषणात मृत्यू झाला. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या सतरा जणांपैकी बारा जण, कोलंबोला नेले जाण्याच्या वेळी, सायनाइड घेऊन मरण पावले. त्यानंतर लिट्टेने युद्धबंदी मोडली, सिंहली नागरिकांच्या हत्या झाल्या, आणि दिल्लीने जाफना ताब्यात घेण्याचा हुकूम दिला.

‘ऑपरेशन पवन’ या नावाच्या त्या मोहिमेची पहिलीच रात्र पुष्कळ सांगून जाते. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरांतून कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीच्या तेराव्या बटालियनचे जवान उतरवून लिट्टेचे नेतृत्व पकडण्याचा बेत होता. विरुद्ध बाजूला त्याचा सुगावा आधीच लागला होता. उतरण्याच्या जागेवर चहूबाजूंनी गोळीबार सुरू झाला, हेलिकॉप्टरांची हानी होऊन पुढच्या फेऱ्या थांबल्या, आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जे तीस जण खाली उतरले होते त्यांपैकी एकोणतीस सकाळपर्यंत आणि त्यानंतरच्या काही तासांत मारले गेले. उरलेला एक जण कैद झाला. जाफना शहर घ्यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्या लढाईतच, २१ आणि २२ ऑक्टोबर रोजी, जाफनाच्या रुग्णालयात भारतीय जवान शिरले आणि तेथे डॉक्टर, परिचारिका व रुग्ण मिळून साठांहून अधिक माणसे मारली गेली. रुग्णालयातून गोळीबार झाला होता, असे भारतीय बाजूने सांगितले गेले. ते मान्य केले तरी खाटेवरच्या रुग्णाचा मृत्यू त्याने समर्थनीय होत नाही, आणि ज्या तमिळांनी ऑगस्टमध्ये याच जवानांना हार घातले होते त्यांच्या मनातून भारत उतरला तो याच काळात.

जवानांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्या हल्लेखोरांच्या तावडीत सापडले, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्यालाच टिपले, आणि प्राण जाईपर्यंत ते आपल्या माणसांना आज्ञा देत राहिले. या मोहिमेतील एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. अशा माणसांना कोणत्या कामासाठी पाठवले होते, याचे स्पष्ट उत्तर त्यांना पाठवणाऱ्यांपाशी असायला हवे होते.

ते उत्तर नसल्यामुळे मोहिमेचा तोल दोन्ही बाजूंनी गेला. जयवर्धने यांना भारतीय सैन्याचा उपयोग झाला, कारण त्यांचे सैन्य उत्तरेतून मोकळे होऊन दक्षिणेकडे वळवता आले. पण परकीय सैन्याच्या उपस्थितीनेच दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली संघटनेच्या सशस्त्र बंडाला इंधन मिळाले. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या रणसिंघे प्रेमदासा यांनी भारतीय सैन्याने चालते व्हावे अशी मागणी केली, लिट्टेशी बोलणी आरंभली आणि तिला शस्त्रेही पुरवली. ज्या सरकारच्या निमंत्रणावर मोहिमेची कायदेशीरता उभी होती त्याच सरकारने शत्रूला शस्त्रे द्यावीत, अशी अवस्था कोणत्याही हस्तक्षेपाच्या इतिहासात क्वचितच आली असेल. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. मद्रासला झालेल्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले नाहीत. जूनमध्ये श्रीलंकेचे सैन्य आणि लिट्टे यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदुर येथे राजीव गांधी यांची आत्मघाती हल्ल्यात हत्या झाली आणि १९९३ च्या मे महिन्यात प्रेमदासाही तशाच हल्ल्यात मारले गेले.

१९७१ च्या बांगलादेश युद्धाचा दाखला हस्तक्षेपाच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो, आणि तो योग्यच आहे, फक्त त्यातून नेमके काय सिद्ध होते हे पाहिले पाहिजे. पूर्व बंगालमध्ये लोकांनी निवडणुकीत आपला कौल दिलेला होता, एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले होते, शत्रू एकच होता, आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य नव्या देशातून परतही आले. श्रीलंकेत यांपैकी निर्वासितांचा प्रश्न तेवढा समान होता, तोही पुष्कळ लहान प्रमाणात. १९७१ च्या यशाने दिल्लीत आत्मविश्वास आला आणि त्याच आत्मविश्वासाने १९८७ मधील फरक झाकला गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

निर्णयाच्या पद्धतीचाही विचार येथेच करावा लागतो. भारतीय राज्यघटनेत परदेशात सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन नाही. तो कार्यकारी सत्तेचा अधिकार मानला जातो. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील लष्करी कारवाईचा प्रस्ताव ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला तेव्हा तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला आणि सरकारने तो निर्णय मानला. त्या मतदानाने सीरियातील माणसे वाचली नाहीत, आणि न जाण्याची किंमतही असते, हे त्या देशाच्या पुढील वर्षांनी दाखवले. तथापि सैन्य निघण्यापूर्वी सभागृहात, शस्त्रे कोण खाली ठेवणार, न ठेवल्यास काय करणार आणि परत कधी येणार, हे प्रश्न सरकारला जाहीरपणे विचारले जातात, याचे मोल मोठे आहे. जुलै १९८७ मध्ये हे प्रश्न भारतीय संसदेत आधी विचारले गेले असते, तर कराराची राजकीय बाजू ठेवून जोडपत्रातील लष्करी जबाबदारी वगळता आली असती. हमी राजनैतिक दबावाची, आर्थिक मदतीची आणि निरीक्षकांचीही असू शकते. तिला पलटणी लागतातच असे नाही.

मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने लिट्टेचा पूर्ण पाडाव केला. त्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये नोंदवला. १९८७ च्या कराराने जोडलेले उत्तर आणि पूर्व प्रांत त्याआधीच, तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निकालानंतर, वेगळे झाले होते. तेरावी दुरुस्ती मात्र आजही राज्यघटनेत आहे, आणि तिने प्रांतांना देऊ केलेले जमीन व पोलीस यांवरील अधिकार आजही त्यांना प्रत्यक्षात मिळालेले नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली स्वतंत्र निवडणूक २०१३ साली झाली, आणि त्या परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली. भारताने १९८७ मध्ये दिलेली हमी या अधिकारांचीही होती. सैन्य परत आल्याने ती संपलेली नाही, आणि ती पाळण्यासाठी आता लागणारे काम कोलंबोच्या सरकारशी दर वाटाघाटीत, मग ती कर्जाची असो वा बंदराची, या विषयाचा पाठपुरावा करण्याचे आहे.