धाब्यावरची माती काढताना



मूर्तिजापूर आणि आसपासच्या गावांत धाब्याची घरं अजून उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागाच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर तुराट्या, आणि वर मातीचा जाड थर. मे महिन्यात अकोल्याकडचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हीच माती दुपारचं ऊन वरच्या वर थोपवते.

पुढे धाबं गळू लागलं, तेव्हा कित्येकांनी माती तशीच ठेवून वर टिनं ठोकली. मधल्या फटीत उंदीर आले, वटवाघळं आली. आता पावसाची झड लागली की खोल्यांत कुबट वास दाटतो. आपण रंग देतो, धूप घालतो. पण वास भिंतीचा नाहीच, तो वर मुतानं भिजलेल्या मातीचा आहे. ती काढावीच लागते.

मात्र आधी वजनाचा अंदाज घ्या. १० बाय १० फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे १०० घनफूट, चार टनांहून अधिक ओझं. तुळईला वाळवी लागली असेल तर खालून टेकू द्या. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, एका कोपऱ्यात ढीग घालू नका.

हाती खराटा घेऊन गावं झाडणारे गाडगेबाबा याच मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला वाढले. तरीही या कामात कोरडा खराटा वापरू नका. लेंड्यांची धूळ छातीत जाते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. खिडक्या उघडा, नाकावर चांगला मास्क लावा, हातात रबरी मोजे घाला. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात कालवून लेंड्यांवर शिंपडा, थोडा वेळ मुरू द्या, मग पोत्यात भरा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. स्वच्छ पांढरी माती वेगळी काढा. ती शेतात टाकायची आपली जुनी रीत आहेच.

आता मुद्द्याची गोष्ट. माती गेली की वास गेला, पण गारवाही गेला. नुसत्या टिनाखाली उन्हाळा काढणं कठीण. म्हणून टिनाखाली छत करा, दोहोंमध्ये हवा खेळू द्या, झरोक्यांना बारीक जाळी लावा, टिनांना वरून पांढरा रंग द्या. कापसासारखा काचतंतूचा थर घालणार असाल, तर आधी गळती बंद करा. तो भिजला की उष्णता अडवत नाही.

तेव्हा मिस्त्री माती काढायचा भाव सांगेल, त्याच बैठकीत तिच्या जागी काय घालणार तेही ठरवून घ्या.