ग्रंथपाल कोणाला नेमावे?



'समरांगणसूत्रधार' हे भोजराजाच्या ग्रंथाचे नाव ऐकून वाटते, की हा युद्धावरचा असावा. तो आहे वास्तुशास्त्रावरचा! 'लीलावती' म्हणजे कोणा स्त्रीचे चरित्र नव्हे, ते भास्कराचार्यांचे गणित आहे. नुसत्या नावावरून कपाटे लावणाऱ्याच्या हाती असे ग्रंथ पडले, तर विद्यार्थ्याला ते सापडायचे नाहीत; आणि न सापडणारा ग्रंथ असून नसल्यासारखाच. म्हणून आमचे म्हणणे असे, की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एखाद्या विषयात मुरलेला माणूस हवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागितली. इतिहास वा रसायन यांच्या तितक्याच अभ्यासाची अट घातली नाही.

मग विद्वान आणून बसवला की झाले काय? तेही नव्हे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने रंगनाथन या गणिताच्या अध्यापकांना ग्रंथपाल नेमले. ते इतके कंटाळले, की पुन्हा शिकवायला जाण्याचा विचार करू लागले. पुढे लंडनला जाऊन ते ग्रंथालयशास्त्र शिकले, तेव्हा त्यांचे मन या कामात रमले. १९३३ साली त्यांची 'कोलन' वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. गणिती बुद्धीला तंत्राची जोड मिळाल्याचे हे फळ!

आपल्या पुण्यात परशुराम कृष्ण गोडे यांनी १९१९ पासून चार दशके भांडारकर संस्थेतील हस्तलिखिते सांभाळली, आणि त्यांतूनच आपल्या संस्कृतीच्या इतिहासावर शेकडो निबंध लिहिले. अशा माणसाकडे जाणारा अभ्यासक रिकाम्या हातांनी कसा परतेल?

तेव्हा विषयाचे पदव्युत्तर शिक्षण झालेले हुशार तरुण निवडावेत आणि त्यांना वर्गीकरण व सूचीकार्य शिकवावे. इतिहासवाल्याला मोडी आणि शकाचे सन करणे यावे. रसायनवाल्याला संशोधनपत्रिकांत हवा तो पदार्थ हुडकता यावा. नोकरीत असलेल्या ग्रंथपालांना विषयाच्या अभ्यासासाठी रजा द्यावी. लहान महाविद्यालयाला इतकी माणसे परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी विषय वाटून घेतले, तर एकाचा जाणकार सर्वांच्या कामी येईल. मात्र त्याला मान प्राध्यापकाचा हवा. किल्ल्या सांभाळणाऱ्याचा मान देऊन विद्वान टिकत नाही.

आपल्यापैकी कित्येक जण शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर आहेत. पुढच्या नेमणुकीच्या वेळी उमेदवाराला एवढेच विचारा: "आपला विषय कोणता?" त्या उत्तरावर पुढच्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास अवलंबून आहे.