रानातील ॲस्टर घरच्या बागेत

ॲस्टर म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर फुलबाजारातील जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या जुड्या उभ्या राहतात. ते चायना ॲस्टर होय. ही वर्षायू वनस्पती मूळची चीन व कोरियातील. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने ‘फुले गणेश’ या नावाने प्रसारित केलेले वाण याच वनस्पतीचे आहेत. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही वनस्पती कॅलिस्टेफस या वेगळ्या प्रजातीतील आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली ॲस्टर सूर्यफुलाच्याच विस्तृत कुलातील असली, तरी तिचे घर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडा हे होय. तेथे कुरणांत, वनांच्या कडांना आणि रस्त्यांच्या बाजूला ती वर्षानुवर्षे आपोआप उगवत आली आहे.

श्रोतेहो, या रानफुलाची अडचण मोठी विलक्षण आहे. ते फुलते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि खुरपणी होते मे महिन्यात. मे महिन्यात ॲस्टर म्हणजे जमिनीलगतचा चार-सहा हिरव्या पानांचा झुबका. बागेचा मालक त्याला तण समजतो आणि उपटून टाकतो. जे झाड शरद ऋतूत सर्वांत उपयोगी पडावयाचे, ते वसंतातच नाहीसे होते.

ते उपयोगी कसे, हे समजून घेतले पाहिजे. त्या प्रदेशात ऑक्टोबरपर्यंत बहुतेक फुले संपलेली असतात. भुंग्यासारख्या केसाळ बंबलबी माशांची वसाहत थंडी पडताच मरून जाते. नव्या राण्या तेवढ्या जमिनीत दडून हिवाळा काढतात आणि त्यापूर्वी त्यांना पोटभर मध लागतो. मोनार्क फुलपाखरे याच सुमारास मेक्सिकोच्या डोंगराळ वनांकडे निघालेली असतात. त्यांच्याही वाटेवरची शिदोरी ॲस्टरच पुरविते. अँड्रिना ॲस्टेरिस ही मातीत बिळे करणारी माशी तर आपल्या पिलांसाठी ॲस्टरचेच पराग गोळा करते. पर्ल क्रेसेंट या लहान फुलपाखराच्या अळ्या याची पाने खाऊन वाढतात. अशी पाने कुरतडलेली दिसली की बागवान औषध फवारण्यास धावतो. येथे तसे करणे अनाठायी होय.

ओळखण्याच्या बाबतीत तज्ज्ञांचीही तारांबळ उडालेली आहे. एका जातीचा दुसरीशी संकर सहज होतो, आणि एकाच जातीची पाने बुंध्याशी एका आकाराची तर शेंड्याकडे दुसऱ्या आकाराची असतात. हार्वर्डचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे हेदेखील एकोणिसाव्या शतकात या प्रजातीपुढे हैराण झाले होते. १९९४ साली गाय नेसम यांनी अमेरिकेतील बहुतेक जाती ॲस्टर प्रजातीतून काढून सिम्फायोट्रायकम, युरिबिया इत्यादी प्रजातींत घातल्या. रोपवाटिकांत मात्र जुनी नावे अद्याप चालतात, आणि घरच्या बागेपुरते त्याने काही बिघडत नाही.

आपण ज्याला एक फूल समजतो तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा स्तबक असतो. कडेला पाकळ्यांसारखी किरण-पुष्पके आणि मधोमध पिवळी बिंब-पुष्पके. कित्येक जातींत ही पिवळी बिंबे जुनी होताच तांबूस-जांभळी होतात. स्तबक उलटा करून त्याखालची हिरवी छदे पाहावीत. ॲस्टरमध्ये ती कौलांप्रमाणे एकावर एक, अनेक ओळींत रचलेली असतात. फ्लीबेन हे याच्यासारखेच दिसणारे फूल. परंतु त्याची छदे बहुधा एकाच उंचीची, जणू कुंपणाच्या फळ्या. शिवाय ते फुलते वसंतात आणि उन्हाळ्यात.

ही झाली फुलांची गोष्ट. खुरपे हाती असताना पानांवरच निर्णय घ्यावा लागतो. न्यू इंग्लंड ॲस्टरच्या पानाला देठ नसतो; पानाचा तळ कानांसारखा दोन्ही बाजूंनी खोडाला वेढतो आणि खोड खरखरीत, केसाळ असते. गुळगुळीत ॲस्टरचे पान निळसर हिरवे असून हातास तुळतुळीत लागते. हीथ ॲस्टरची पाने इतकी बारीक आणि अरुंद की झाड फुलेपर्यंत त्याकडे कोणी पाहतही नाही. सावलीतील पांढरा वन-ॲस्टर खोडाच्या नागमोडी वळणावरून ध्यानात येतो. हृदयाकृती ॲस्टरची खालची पाने लांब देठाची, टोकदार आणि दंतुर असतात. येथेच सर्वांत मोठी फसगत होते. युरोपातून आलेली आणि वनांत माजलेली गार्लिक मस्टर्ड ही वनस्पतीही कोवळेपणी अशाच जागी, अशाच झुबक्यात उगवते. तिचे पान अधिक गोलसर, मूत्रपिंडासारखे असते. पान चुरगळावे, लसणाचा वास आला तर निःशंकपणे उपटावे. वास नसेल आणि तरीही खात्री होत नसेल, तर जवळ एक काठी रोवून तो झुबका ऑक्टोबरपर्यंत राहू द्यावा.

लागवड त्यामानाने सोपी आहे. रानातून रोपे खणून आणू नयेत. स्थानिक बी मिळवावे. बहुतेक जातींच्या बियांना उगवण्यापूर्वी काही आठवडे ओलसर थंडी मानवते. म्हणून हिवाळ्याच्या तोंडी उघड्यावर ठेवलेल्या कुंड्यांत बी पेरावे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. पहिल्या वर्षी फुले न आल्यास निराश होऊ नये. न्यू इंग्लंड ॲस्टर दीड-दोन मीटरपर्यंत वाढतो आणि फुलांच्या भाराने लवंडतो. जूनअखेरपर्यंत शेंडे खुडल्यास झाड आटोपशीर राहते व फांद्या अधिक फुटतात. त्यानंतर खुडल्यास कळ्याच जातात. त्याची खालची पाने वाळून गळतात, म्हणून पुढे बुटकी झाडे असावीत. न्यूयॉर्क ॲस्टरवर भुरी पडते. त्याला दाटी सोसत नाही. इंग्लंडात अर्नेस्ट बॅलर्ड यांनी गेल्या शतकाच्या आरंभी याच जातीपासून शोभेचे पुष्कळ प्रकार तयार केले. २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाच्या सुमारास फुलतात म्हणून तिकडे त्यांना त्या सणाचेच नाव आहे. दिसण्यात ते सुंदर खरे. परंतु ज्या दुहेरी फुलांत बिंब-पुष्पकांची जागा पाकळ्यांनी घेतली आहे, तेथे माशीला पराग फारसा मिळत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा खणून काढावा, मधला जून भाग टाकून द्यावा आणि कडेचे कोवळे फुटवे लावावेत.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. अनेक अमेरिकन नगरपालिकांत वाढलेल्या गवतावर दंड करणारे नियम आहेत आणि जुलैतील ॲस्टरचा ताटवा रानच वाटतो. जोन नासाउअर या अभ्यासिकेने १९९५ साली यावर चांगला विचार मांडला : अस्ताव्यस्त वाटणाऱ्या निसर्गाला नीटनेटकी चौकट द्यावी, म्हणजे ती हेळसांड नसून जोपासना आहे हे लोकांना कळते. ताटव्याभोवती हातभर रुंदीची कापलेल्या हिरवळीची पट्टी पुरते. फुले गेल्यावर वाळलेली खोडे मात्र हिवाळाभर उभीच ठेवावीत. त्यांवरील पिसाऱ्याच्या बिया चिमण्यांच्या जातीचे लहान पक्षी हिमावर उतरून टिपतात, आणि उरलेल्या वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे जातात.