सायकलीची पडशी

प्रवासी शहाणा कीं अडाणी हें त्याच्या वाहनावरून कळत नाहीं. तें त्याच्या सामानावरून कळतें. घोड्याच्या पाठीवर पडशी टाकतांना दोन्ही बाजूंचा भार सारखा आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून जुना स्वार रिकिबींत पाय ठेवीत नसे. बैलगाडींत भार पुढें झाला तर तो बैलांच्या मानेवर येतो आणि मागें झाला तर गाडी उलाळते, हें वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या लहान मुलासहि सांगावें लागत नाहीं. भार कोठें ठेवावा हा प्रश्न असा फार जुना आहे. एका नव्या वाहनाच्या निमित्तानें तो पुन्हा उभा राहिला आहे, एवढेंच.

हें वाहन म्हणजे ‘ग्रॅव्हल बाईक’ या नांवाची सायकल. दिसावयास ती शर्यतीच्या सायकलीसारखी, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें वळलेलें. परंतु टायर रुंद, बहुधा चाळीस मिलिमीटरांच्या आसपास, आणि सांगाडा दणके सोसणारा. डांबरी सडक संपली तरी ती अडत नाहीं, आणि डोंगरांतील अवघड पायवाटेचा हट्टहि धरीत नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत २००६ सालीं खडीच्या रस्त्यांवरून दोनशें मैलांची एक शर्यत सुरू झाली. पुढील दहापंधरा वर्षांत अशा शर्यती व अशा सायकली जगभर पसरल्या.

वऱ्हाडांत या सायकलीस काम पुष्कळ आहे. अमरावती व अकोला यांमधील राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्यें एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आला आणि त्याची नोंद गिनेसच्या जागतिक विक्रमांत झाली. परंतु त्या गुळगुळीत मार्गावरून उतरून स्वार भातकुली, दर्यापूर किंवा अकोट यांच्या बाजूस आडवाटेनें वळला, कीं मुरमाचा रस्ता लागतो आणि त्यापुढें पांदण. दोन्ही बाजूंस बाभळी व बोरी, मध्यें गाड्यांच्या चाकोऱ्या, आणि चाकोरींत टांच बुडेल इतकी धूळ. कपाशी व तुरीच्या शिवारांतून जाणारी ही वाट हिवाळ्याच्या सकाळीं जितकी रम्य, तितकीच ती सामानाची कसोटी पाहणारी असते.

अशा वाटेवर सामान न्यावें कसें? मागील कॅरिअरवर दोन्ही बाजूंस पिशव्या लोंबविण्याची पद्धत सडकेवर उत्तम; पण चाकोरींतील हादऱ्यांनीं कॅरिअरचे नट ढिले होतात, आणि बाहेर आलेली पिशवी बाभळीच्या कांट्यांत अडकते. पाठीवर ओझें घेतलें तर पाठ घामानें भिजते व दोन तासांत खांदे बोलूं लागतात. हँडलाला भार बांधला तर सायकल वळवितांना जड होते. बैठकीच्या मागें बांधला तर तो शेपटासारखा डोलतो. राहतां राहिली एकच जागा, सांगाड्याच्या तीन दांड्यांमधील त्रिकोण. तेथें ठेवलेला भार दोन चाकांच्या मध्यें व स्वाराच्या दोन पायांच्या आंत राहतो. तो डोलत नाहीं, कांट्यांत अडकत नाहीं आणि तोल ढळूं देत नाहीं. या त्रिकोणांत बसणारी पिशवी ती ‘फ्रेम बॅग’. जड वस्तूंचें योग्य स्थान हेंच, याबद्दल जाणत्यांत मतभेद नाहीं.

ही युक्तीहि आजची नव्हे. स्वित्झर्लंडच्या सैन्यानें १९०५ सालीं जी सायकल स्वीकारली तिच्या त्रिकोणांत अशीच एक पेटीवजा पिशवी होती. त्यापूर्वी, १८९७ सालीं, अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणींतील वीस कृष्णवर्णीय सैनिक माँटाना राज्यांतील फोर्ट मिसूलापासून सेंट लुईसपर्यंत सुमारें तीन हजार किलोमीटर सायकलीवरून गेले. त्यांच्याहि सायकलींच्या सांगाड्यांत सामानाची पेटी बसविलेली होती. परंतु त्या स्वारीची खरी शिकवण निराळीच आहे. सामानाची व्यवस्था नेटकी असूनहि नेब्रास्काच्या वालुकामय टापूंत त्यांना क्षारयुक्त पाणी प्यावें लागलें, आणि सैनिकांसह त्यांचा अधिकारीहि आजारी पडला.

ही दूरदेशची हकीकत वऱ्हाडांतील श्रोत्यांस परकी वाटूं नये. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. येथील जमिनीखालचें पाणी खारट आहे. शिवारांत विहीर दिसली म्हणून तहान भागेलच असें नाहीं. पिण्याचें गोडें पाणी गांवांत नळानें येतें व घराघरांतून जपून वापरलें जातें. त्यांतच येथील उन्हाळा. मे २०२४ मध्यें अकोल्याचें तपमान ४५ अंशांच्या वर गेलें, तेव्हां जिल्हा प्रशासनानें कलम १४४ लागू केलें. अशा प्रदेशांत सायकलीवर पिशवी कोणती बांधावी हा शोभेचा प्रश्न राहत नाहीं. तो तब्येतीचा आणि प्रसंगीं जिवाचा प्रश्न होतो.

कारण असें कीं, ज्या त्रिकोणांत पिशवी बसते त्याच त्रिकोणांत पाण्याच्या बाटल्याहि बसतात. संपूर्ण त्रिकोण भरणारी पिशवी घेतली तर बाटल्यांची हक्काची जागा जाते. दुकानांत उभें राहून पिशवीचे कप्पे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं. ती येते दर्यापूरच्या अलीकडे, दुपारीं बारा वाजतां.

याचा हिशेब अगदीं सोपा आहे. पांदणीवर चांगला स्वारहि तासाला बारापंधरा किलोमीटरांहून फार पुढें जात नाहीं. म्हणजे तीस किलोमीटरांस दोन ते अडीच तास लागले. उन्हांत श्रम करणाऱ्या देहांतून तासाला लिटरभर घाम सहज जातो. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या मिळून दीड लिटर पाणी झालें. गरज मात्र दोन ते अडीच लिटरांची. ही तूट पिशवीनें भरून काढावयाची आहे. म्हणून निवडीचा क्रम ठरतो तो असा: आधीं पाणी, मग पिशवी. प्रवासाचा महिना कोणता, दोन गोड्या पाण्याच्या गांवांमधील अंतर किती, हें अगोदर ठरवावें आणि त्याला पुरेल इतकें पाणी कोठें बसेल हें पाहून उरलेल्या जागेची पिशवी घ्यावी.

त्या दृष्टीनें दोन प्रकार ध्यानांत ठेवावे. पहिला अर्ध्या पिशवीचा. ती वरच्या आडव्या दांड्याखालीं लांबट बसते, तिच्यांत तीनपासून सहा लिटरपर्यंत सामान मावतें, आणि खालीं बाटल्यांस जागा राहते. कार्तिकापासून माघापर्यंत, एका दिवसाच्या फेरीस, हिच्यासारखी सोयीची दुसरी नाहीं. मात्र सांगाडा लहान असेल तर उंच बाटली पिशवीच्या तळाला घासते व काढतां येत नाहीं. अशा वेळीं बुटकी बाटली किंवा बाजूनें निघणारा पिंजरा बसवावा.

दुसरा प्रकार पूर्ण पिशवीचा. मोठ्या सांगाड्यांत ती दहा लिटरांहूनहि अधिक सामान घेते. ज्यांस मुक्कामाचा प्रवास करावयाचा आहे, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून मेळघाटाच्या कडेकडेनें दोन दिवस हिंडावयाचें आहे, त्यांस ती उपयोगी. परंतु तिच्यांत पाण्याची लवचिक थैली व नळी ठेवण्याची सोय असलीच पाहिजे. तळाशीं दोनतीन लिटरांची थैली निजविली कीं भार खालीं राहतो, पाणी कापडाआड असल्यानें लवकर तापत नाहीं, आणि खालच्या तिरप्या दांड्यावरील बाटलीच्या तोंडाशीं रस्त्यावरील शेणमाती उडून बसते तो प्रकारहि टळतो. मात्र थैली रोज धुवून, उलटी टांगून सुकविण्याचा कंटाळा असेल तर तिच्या वाटेस जाऊं नये.

प्रकार ठरला म्हणजे माप. पिशवी दुकानांतील चित्रावरून घेणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें जोडा घेणें होय. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तो त्रिकोणांत बरोबर बसेल असा कापावा, प्रत्येक बाजूस बोटभर जागा मोकळी सोडावी, आणि ब्रेकच्या तारा व बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू कोठें येतात त्याच्या खुणा त्यावर कराव्या. हा पुठ्ठा बरोबर नेला तर चूक होत नाहीं. तयार मापाची पिशवी न मिळाल्यास मोटारींच्या बैठकींचीं कव्हरें शिवणारा गांवांतील कारागीरहि त्या पुठ्ठ्यावरून मजबूत पिशवी शिवूं शकतो. जाडीची मर्यादा मात्र सहा सेंटिमीटरांच्या आसपास राखावी. फुगलेली पिशवी पायडल मारतांना गुडघ्यांस घासते, आणि हजारों वेळां घासल्यावर दोष कोणाचा हें गुडघ्यास कोणी पटवून देऊं शकत नाहीं.

कापडाविषयीं जाहिराती पाऊस पुढें करतात. वऱ्हाडांत खरा शत्रू धूळ आहे. काळ्या मातीची बारीक धूळ झिपच्या दातांत बसते, आणि पिशवी ठासून भरलेली असली कीं झिप मधोमध उकलते. म्हणून झिप जाड दातांची असावी, ओल्या फडक्यानें वरचेवर पुसावी, आणि पिशवी चार बोटें रिकामी ठेवावी. तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी धूळ व पाणी दोन्ही अडविते, पण प्रत्येक वेळीं उघडण्यास उतरावें लागतें. पट्ट्यांखालींहि रेती शिरते व ती कानशीसारखी रंग खाते. यास्तव पट्टे बसतील तेथें दांड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पावसाळ्यांत मात्र कोणतीहि पिशवी कामास येत नाहीं. भिजलेली काळी माती फुगते व चिकटते, चाक सांगाड्याशीं चिखलानें जखडतें, आणि स्वार सायकलीवर बसण्याऐवजीं सायकल स्वाराच्या खांद्यावर बसते.

भरण्याचा नियम एकच: जड तें खालीं, लागेल तें वर. तळाशीं पाणी, त्यावर हत्यारें, जादा ट्यूब व पंप. बाभळीचा कांटा मुहूर्त पाहून येत नाहीं. वरच्या कप्प्यांत गूळ-शेंगदाणे, एखादें संत्रें आणि मिठासाखरेची पुडी. भ्रमणध्वनि काळ्या पिशवींत उन्हांत तापूं देऊं नये. सारें भरून झाल्यावर गांवाबाहेर पांचसहा किलोमीटरांची फेरी करून पाहावी. कोठें घासतें, कोठें खडखडतें, हें तेवढ्यांत कळतें.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्या काळीं न ग्रॅव्हल बाईक होती, न तिच्या मापानें शिवलेली पिशवी. साधन उत्तम असणें चांगलेंच. पण साधनानें दूरदृष्टीची उणीव भरून निघत नाहीं. वऱ्हाडांतील घराघरांतून बाहेर पडणाऱ्या मुलास आजी सर्वांत आधीं जें विचारते, ‘पाणी घेतलंस का रे?’, तोच प्रश्न पिशवीच्या दुकानाची पायरी चढतांनाहि मनांत असला, तर निवड सहसा चुकणार नाहीं.