मागच्या रांगेचा उजेड

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाची जुनी छायाचित्रे बाहेर निघाली, की प्रत्येक जण प्रथम आपली माणसे शोधू लागतो. गणेशोत्सव असो, हळदीकुंकू असो वा बक्षीससमारंभ, सभागृहातील समूहचित्रांत बहुधा एकच प्रकार आढळतो: पहिल्या रांगेतील चेहरे चुन्यासारखे पांढरे, आणि तिसऱ्या रांगेत नुसत्या सावल्या! मागे उभे असतात ते कोण? पंगत वाढणारे, सतरंज्या उचलणारे, पडदा ओढणारे. ज्यांच्या खांद्यांवर मंडळ उभे, त्यांचीच ओळख पटत नाही. ह्यात कोणाचा पक्षपात नसतो. हा प्रकाशाचा नियम आहे. तो समजून घेतला तर त्यावर उपायही आहे.

अंगणातील उन्हात काढलेल्या चित्रात असे होत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. त्याच्या लेखी पहिली रांग काय नि शेवटची काय, अंतर सारखेच. फ्लॅश मात्र आपल्या अगदी जवळचा दिवा. अंतर दुप्पट झाले, की त्याचा उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. १८८७ साली जर्मनीत फ्लॅशसाठी मॅग्नेशियमची पूड निघाली. तेव्हापासून आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशपर्यंत साधने पालटली, नियम पालटला नाही.

म्हणून पहिला उपाय, मागे सरणे. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ३.५ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी उजेड मिळतो. तीच मंडळी न हलवता आपण आणखी २ मीटर मागे गेलो, की मागच्यांच्या वाट्याला निम्म्याहून अधिक येतो. रांगा मात्र दाटीने लावाव्यात, आणि लांब रांगेला किंचित कमानीसारखा बाक द्यावा, म्हणजे टोकाची माणसे दूर पडत नाहीत.

दुसरा उपाय, फ्लॅश उंच धरणे. स्टुलावर उभ्या असलेल्या साहाय्यकाने तो उंचावून त्याचा रोख मागच्या डोक्यांकडे ठेवावा. झोताचा मध्य मागच्यांवर पडतो, कडेचा सौम्य उजेड पुढच्यांवर.

तिसरा उपाय, छताची मदत घेणे. छत पांढरे व बेताच्या उंचीचे असेल, तर फ्लॅशचे तोंड वर करावे. मग सारे छतच दिवा होते, आणि उजेड सर्वांवर बराचसा सारखा उतरतो. ह्यात उजेड पुष्कळ खर्ची पडतो. म्हणून भिंगाचे छिद्र मोठे करावे किंवा आयएसओ ८०० ते १६०० ठेवावा. मांडवाचे गुलाबी-पिवळे कापड मात्र टाळावे, नाही तर त्याचाच रंग सर्वांच्या मुखांवर चढतो. मोबाइलच्या इवल्याशा दिव्यावर तर समूहचित्राची भिस्त ठेवूच नये. तो विझवून सभागृहातील सर्व दिवे लावावेत, आणि हात स्थिर धरावा.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून ह्या छत्तीसगडात मराठी माणसे नांदत आहेत. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत आपली घरे विखुरली आहेत, आणि आपले नातलग पुण्या-नागपुराकडे, काही परदेशी. त्यांच्यापर्यंत आपला समारंभ पोहोचतो तो चित्रातूनच. उद्या एखादी नात आपल्या आजीला मागच्या रांगेत शोधू लागेल, तेव्हा तिला कपाळावरचे कुंकू दिसावे, काळोख दिसू नये. त्यासाठी छायाचित्रकाराने दोन पावले मागे सरावे, आणि आपण त्याला तेवढी जागा करून द्यावी. कार्यवाहांनीही चित्राला पाच मिनिटे राखून ठेवावीत, आणि मागे उभे राहिलेल्यांची नावे त्याच दिवशी चित्रामागे लिहून घ्यावीत.